कपाटामागची पाटी

रघोजींचा एक सिद्धांत होता: काउंटरपलीकडून आलेलं वाक्य खरं असतं. तंजावूरच्या एका सरकारी कचेरीत ते निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसले होते, आणि तेवढ्या काळात खिडकीबाहेरचा एकही माणूस बरोबर निघाला नव्हता.

त्या शनिवारी मात्र तिरुच्चीच्या विमानतळावर ते स्वतःच काउंटरबाहेर उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हैदराबादेत त्यांच्या लेकीचं, जननीचं, वळैकाप्पु होतं. गर्भारपणी बांगड्या भरायचा हा समारंभ तंजावूरच्या मराठी घरांनी तमिळ शेजाऱ्यांकडून घेतला आणि मग शेजाऱ्यांहून कडकपणे पाळला. रघोजींच्या घरात पहिली बांगडी आईनेच भरायची. ती आई, म्हणजे गंगाबाई, काचेच्या बांगड्यांचा डबा सकाळपासून उराशी धरून होत्या. टॅक्सीच्या डिकीत ठेवू दिला नव्हता, ट्रॉलीवरही नाही.

"दुपारी एकचं विमान रद्द आहे, सार," काउंटरवरचा कार्तिकेय म्हणाला. "ऑपरेशनल कारण."

"आम्हाला निरोप आला नाही."

"येईल, सार. पुढची सीट सोमवारी आहे."

"सोमवारी जाऊन काय करायचं?" गंगाबाई नवऱ्याला मराठीत म्हणाल्या. "फुटलेल्या काचा झाडायच्या? नवाच्या आत घर सोडा म्हटलं होतं. तुम्ही बुटाची नाडी बांधत बसलात. शनिवारी नऊला राहुकाळ लागतो, ठाऊक नाही?"

रघोजींना ते पटलं. अपराध्यांची यादी तयार झाली: पहिला राहू, दुसरी नाडी. विमान कंपनीचं नाव यादीत आलंच नाही.

"सोमवार नको असेल तर यावर सही करा, सार," कार्तिकेयने कागद सरकवला. रघोजींनी पेनाचं टोपण काढलं. समोर आलेल्या कागदावर सही न करणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

"मामा, आधी वाचा की," मागून कुणी मराठीत म्हणालं.

वीणेची लांबलचक पेटी कडेला धरून एक चाळिशीची बाई उभी होती. अखिला. तिरुवैयारूला वीणा शिकवायची, माहेर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतलं. वीणा घेऊन विमानाने हिंडायचं म्हणजे काउंटरवर वाद आलाच. त्यात तिला रागांच्या जोडीला नियमही पाठ झाले होते.

रघोजींनी वाचलं. 'प्रवाशाच्या स्वतःच्या विनंतीवरून तिकीट रद्द.'

"तुम्ही विनंती केलीत?" अखिलाने विचारलं.

"नाही. पण राहुकाळात निघालो आम्ही."

"तिकीट राहूने विकलं होतं का, मामा? ज्यांनी विकलं त्यांना विचारा. आयत्या वेळी विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यातलं काय हवं ते आपण सांगायचं. ताटकळत ठेवलं तर खाणंपिणं त्यांनी द्यायचं. वेळेत कळवलं नाही आणि कारण त्यांच्या हाताबाहेरचं नसेल, तर भरपाईसुद्धा. सरकारी नियम आहे."

"पण हा पोरगा काय करणार, अम्मा? वरून ऑर्डर असते. मीही हेच सांगत आलो एकतीस वर्षं."

"आणि ऐकणारे घरी जात होते?"

"जात होते."

"त्यांचं काम व्हायचं?"

रघोजींना कचेरीतली एक पाटी आठवली. 'नागरिकांचे हक्क', निळ्यावर पांढरी अक्षरं. वरून हुकूम आला म्हणून बनवून घेतली होती. आठवडाभरात लोक ती वाचून प्रश्न विचारू लागले, तेव्हा रघोजींनीच ती लोखंडी कपाटामागे सरकवली. कपाटामागे ओल असते. अक्षरं राहिली असतील का, कोण जाणे.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तंबी," ते धाकट्या भावाला हाक मारावी तसे मायेने म्हणाले, "प्रवाशांच्या हक्कांची पाटी असेल तुमच्याकडे. कशाच्या मागे ठेवली आहे?"

कार्तिकेयचे डोळे आपसूक पाण्याच्या कॅनकडे गेले. रघोजींना त्याची दया आली. असं बघायची चूक त्यांनी कधी केली नव्हती.

कॅन हलला, पाटी निघाली. रघोजींनी ती रांगेला मोठ्याने वाचून दाखवली, आवाज न चढवता, कचेरीत परिपत्रक वाचत तसं. रांगेतल्या चाळीस जणांनी हातातले तसलेच कागद सही न करता परत केले. मग सुपरवायझर आले, आणि सकाळपासून नसलेल्या सीटा सापडल्या: बंगळूरमार्गे, संध्याकाळी पाचच्या विमानात. जेवणाची कुपनंही मिळाली. दहीभात बेताचाच होता, पण रघोजींनी तो दोनदा घेतला. न कळवल्याबद्दलच्या भरपाईचा अर्ज त्यांनी तिथेच लिहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच अर्जाची पोच मागून घेतली.

रविवारी नऊ वाजता जननीच्या हातात पहिली बांगडी गंगाबाईंनी भरली. एकही काच तडकली नव्हती. "राहू बरा होता म्हणायचा," त्या म्हणाल्या.

तंजावूरला परतल्यावर रघोजी जुन्या कचेरीत गेले. कपाट सरकवलं, पाटी पुसली. अक्षरं शाबूत होती. त्यांनी ती समोरच्या भिंतीवर टांगली.

"सार, आता लोक प्रश्न विचारतील," खिडकीतला नवा कारकून कळवळून म्हणाला.

"विचारू दे. त्यांचीच कचेरी आहे."

वाचकहो, आपला हक्क विचारणं म्हणजे भांडण नव्हे, आणि निमूट सही करणं म्हणजे सभ्यपणा नव्हे. नियम बहुधा असतोच, कुठल्या तरी कपाटामागे. ते सरकवायला शिका. आणि कपाट आपल्याच खुर्चीशेजारी असेल, तर कुणी विचारायला येईपर्यंत थांबू नका.