आसरांची तपेली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तपेली आहे. पोचे मोजत बसू नका, सात आहेत आणि सातही मला पाठ आहेत. माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. तिथे मला एवढं ठोकलं, की पुढे कुणी आपटलं तरी मी फारसं मनावर घेतलं नाही.

१९७४ साली धोंडाबाईंनी लेकीच्या, चंद्रभागेच्या रुखवतासाठी मला घेतलं. दुकानदाराने विचारलं, "नाव कुणाचं घालू?" धोंडाबाई म्हणाल्या लेकीचं, त्यांचे यजमान म्हणाले जावयाचं. दोघांचं काही जमेना, म्हणून मी बिननावाचीच सासरी गेले. वर्षभरात धोंडाबाई वारल्या. आईची म्हणून चंद्रभागेकडे मी एवढीच राहिले. मग ती मला दुसऱ्या कुणाला घासूही देत नसे.

चार वर्षांनी, संक्रांतीनंतरच्या रविवारी, चंद्रभागा आणि तिचे यजमान रावजी कचेरीतल्या मंडळींबरोबर घोटीकडच्या धरणातलं बेट बघायला निघाले. मी गोणपाटात, कांदे-बटाट्यांच्या शेजारी. होडी सहादूची. वल्हवता वल्हवता तो सांगू लागला, "धरणाच्या आधी हितं डोह व्हता. त्यात साती आसरा ऱ्हायच्या, पाण्यातल्या देव्या. कुणाघरी लगीन असलं का काठावं सांगून यायचं. सकाळी भांडी हजर. काम झालं का घासून परत ठिवायची. एका लबाडानं एक भांडं ठिवून घेतलं, तवापासून बंद."

"तुम्ही पाहिलीत ती भांडी?" रावजींनी विचारलं.

"माझा आजा जेवलाय त्यातलं," सहादू म्हणाला. विषय संपला.

बेट कसलं शांत होतं! आंबे मोहरले होते, पाण्यावर खंड्या सूर मारत होता, आणि उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड होते, त्याच आसरा. तीन धोंड्यांची चूल मांडून चंद्रभागेने माझ्यात खिचडी केली. मंडळी बोटं चाटत राहिली. खिचडी तळाला जरा लागली, म्हणून तिने मला काठाच्या पाण्यात भिजत घातलं आणि आत दगड ठेवला. तेवढ्यात वारा सुटला. सहादूने घाई केली. बायकांना वाटलं तपेली पुरुषांनी घेतली, पुरुषांना वाटलं बायकांनी. होडी निघाली, मी बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सहादूची बायको कुसाबाई सरपणाला आली. करपलेली खिचडी एव्हाना माशांनी फस्त केली होती, मी आतून लख्ख. तिने मला फिरवून फिरवून पाहिलं, कुठेच नाव नाही. तिने हात जोडले. दुपारपर्यंत काठावरची अख्खी वाडी गोळा झाली. सहादूनेही मला ओळखलं नाही; येताना मी गोणपाटात होते आणि खिचडी शिजली तेव्हा तो होडीत झोपला होता.

"आसरांनी पुन्यांदा भांडं धाडलं," कुसाबाई म्हणाली. "पण घरी कुणी न्यायचं नाय. मागल्या बारीला काय झालं, ठाव हाय ना?"

झालं! मी उंबराखाली देव होऊन बसले. रोज हळदीकुंकू, पोटात झेंडूची फुलं. मित्रांनो, खरं सांगते, देवपण मला मानवलं नाही. वर्षभर बुडाला जाळ नाही म्हणजे काय? एक सरडा तर माझ्यात बिऱ्हाडच करून राहिला.

तिकडे रावजी म्हणत होते, "पाण्याने नेली असेल, दुसरी घेऊ." चंद्रभागेने दुसरी घेतली नाही. पुढच्या संक्रांतीला ती त्यांना घेऊन परत आली. मला बघताच धावली.

कुसाबाई आडवी आली. "बाई, हात नका लावू. आसरांची हाय."

"माझ्या आईची आहे," चंद्रभागा म्हणाली. "बुडाला ओळीत तीन पोचे आहेत. तुम्हीच बघा."

कुसाबाईने फुलं काढून मला उलटं केलं. तीन पोचे! ती बघतच राहिली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हंजी वरीसभर आमी तुमच्या आईला कुंकू लावलं की."

चंद्रभागा रडता रडता हसायला लागली. त्या दिवशी माझ्यात भात शिजला आणि सगळी वाडी जेवली. जाळ लागला तेव्हा काय सुख वाटलं म्हणून सांगू!

जेवताना कुसाबाई बोलून गेली, की मुलीचं लग्न ठरलंय आणि घरात मोठं भांडं नाही. चंद्रभागा मला घेऊन नाशिकला गेली. पंधरा दिवसांनी मी बेटावर परत आले. नवी कल्हई, आणि कडेवर अखेर नाव: धोंडाबाई.

"ज्याला लागेल त्याने न्या, घासून परत ठेवा," चंद्रभागा म्हणाली.

याला आता दहा वर्षं झाली. लग्नं झाली, बारशी झाली, मला कुणी ठेवून घेतलं नाही. माझं पाहून आणखी चार भांडी उंबराखाली आली. तुम्हीही या, पोटभर जेवा. फक्त निघताना मला घासा आणि उपडी ठेवा, सरड्याचा नेम नाही.

कुसाबाईची नात आता शाळेत जाते. आलेल्या पाहुण्यांना ती दगड मोजून दाखवते, एक ते सात. मग माझ्यावर हात ठेवते, कडेवरचं नाव अक्षर लावून वाचते आणि सांगते, "ही आठवी."