विहारातलं फ्रेंच भाषण

संघमित्राची फ्रेंचची परीक्षा तोंडावर आली होती आणि वाक्यं जोडणारे शब्द काही जिभेवर बसत नव्हते. क्लासच्या मॅडमनी बजावलंच होतं, "बोलताना धडपडू नका. एका वाक्याला दुसरं नीट जोडा, परीक्षक खूश होतात." मग काय, संघमित्राबाईंनी बाकी सगळं बाजूला सारलं. दाबोर म्हणजे सर्वप्रथम, सपांदां म्हणजे तथापि, पार कोंसेकां म्हणजे परिणामी, आंफां म्हणजे अखेर. चिंचपोकळीच्या चाळीत गॅलरीभर फेऱ्या मारत ती घोकायची आणि शेजारीपाजारी कौतुकानं ऐकायचे. जोडायचं काय, याचा विचार मात्र राहूनच गेला.

चाळीतलं कुणी परीक्षेला बसलं की रविवारच्या वंदनेनंतर विहारात त्याला फूल द्यायचं, ही तिथली रीत. निकाल काहीही लागो, अभ्यासाचा मान आधीच द्यायचा. त्या रविवारी मंडळाचे राजरत्नकाका फूल देऊन थांबले नाहीत. "आता आपली संघमित्रा फ्रेंचमधून आईबद्दल दोन शब्द बोलेल," असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं.

पुढेच तिची आई बकुळा बसली होती, ठेवणीतली पांढरी साडी नेसून. ती इस्पितळात आया. चाळीत मात्र 'हॉस्पिटलात कामाला' एवढंच सांगायची. संघमित्रानं तोंड उघडलं आणि डोक्याची पाटी कोरी! आईबद्दलचं एक साधं वाक्य जुळेना. नाही म्हणायची हिंमतही होईना. शेवटी जे येत होतं तेच तिनं सुरू केलं.

"दाबोर... सपांदां..." मध्येच आवाज चढवला, मध्येच आवंढा गिळला, "पार कोंसेकां" म्हणताना आईकडे हात केला. सर्वप्रथम, तथापि, परिणामी, पुन्हा तथापि, अखेर. नुसता बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. पण टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या सुंदराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. काका म्हणाले, "पोरी, नाव काढलंस!" संघमित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसांना आपण फसवलं, तेही विहारात उभं राहून.

घरी आल्यावर आईनं चहा टाकला. "माझ्याबद्दल काय काय बोललीस गं?"

खरं सांगायची हीच वेळ होती, पण आईचा चेहरा इतका फुललेला होता की संघमित्राची जीभ रेटेना. खोट्याला खोटं जोडत ती म्हणाली, "म्हटलं, माझी आई वॉर्डात पेशंटची घाण काढते. घरी आली की हात घासघासून धुते, मगच माझ्या डोक्यावरून फिरवते. म्हटलं, तिनं बेडपॅन उचलले म्हणून माझ्या हातात पुस्तकं आली."

शब्द आपसूक येत गेले. यातलं काही ती आजवर कुणापाशी बोलली नव्हती. क्लासमध्ये तर आई नर्स आहे म्हणून सांगितलं होतं. ते आठवून तिचे कान तापले.

बकुळानं गॅस बारीक केला.

"बेडपॅनचं पण सांगितलंस?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

संघमित्रानं मान डोलावली. आई कपबश्या मांडत, मान वर न करता म्हणाली, "बरं झालं बाई, कुणाला फ्रेंच येत नाय."