सब ठीक

"अवो, आला बगा तुमचा डॉक्टर," म्हणत सुलूने मोबाइल पदराला पुसून शांतारामच्या हातात दिला.

रोज दिवेलागणीला तो मोबाइल वाजायचा. पडद्यावर प्रश्न यायचा, आज कसं वाटतंय? खाली पाच चेहरे. एका टोकाला हिरवा हसरा, दुसऱ्या टोकाला लाल रडका, मधले आपले कुंपणावर बसल्यासारखे. शांतारामने दम खात हिरव्यावर बोट ठेवलं. सुलू खांद्यावरून बघत होती. तिच्या तोंडावरही हसू आलं आणि ती भाकऱ्या टाकायला आत गेली. ती गेल्यावर त्याने तोंडाला टॉवेल लावला आणि मघापासून दाबून धरलेला खोकला मोकळा केला.

शांतारामने उभा जन्म तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनाच्या कारखान्यात पंप चालवण्यात घातला. तासातासाला कंट्रोल रूममधून फोन यायचा, "पंप कैसा है?" हा सांगायचा, "सब ठीक." नवा असताना एकदा त्याने खरं सांगून पाहिलं होतं, पंप गळतोय म्हणून. लाईन बंद पडली, कंत्राटी माणसांना घरी पाठवलं, सगळ्यांची रोजी बुडाली आणि जो तो याच्याकडे असा बघायला लागला की जणू पंप यानेच फोडला. तेव्हापासून गळती दिसली की तो तोंडाला रुमाल बांधायचा, पाना घेऊन स्वतःच आवळायचा आणि फोनवर म्हणायचा, सब ठीक. साहेब खूश होते. छातीला मात्र कुणी विचारलं नाही. शेवटी उमरोळी स्टेशनचा जिना चढताना तो मध्येच खाली बसला, तेव्हा कुठे तिची आठवण झाली.

फुप्फुसं कडक होत चालली आहेत, असं मुंबईच्या इस्पितळात कळलं. तिथेच एका नव्या गोळीच्या चाचणीचं निघालं. त्यासाठी मुंबईच्या खेपा नकोत. गोळ्या घरी येणार, प्रश्न मोबाइलवर, आणि अधूनमधून पालघरहून दीपाली नावाची नर्स स्कूटरवर येऊन तपासून जाणार. सही घेण्याआधी दीपालीने त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. गोळी लागू पडेल किंवा पडणारही नाही, पण तुमच्या मागून येणाऱ्यांना त्यातून कळेल. शांतारामने एवढंच विचारलं, "माज्या पोराच्या येळेपर्यंत तयार व्हईल?" त्याचा मुलगा कमलेश त्याच कारखान्यात कामाला होता.

गावाने आधी यथेच्छ टिंगल केली. "उंदीर आला रे, पिंजरा उगडा रायला वाटतं," असं चहाच्या टपरीवर चालायचं. मुंबईचे डॉक्टर फुकट गोळ्या देतात ते काय याचं सुंदर तोंड बघून? सुलूचं डोकं फिरायचं. मग ती रोजचा हिरवा चेहरा गावभर सांगत सुटली आणि वारं फिरलं. तीच माणसं आता भावाचे, सासऱ्याचे रिपोर्ट घेऊन ओटीवर येऊन बसायला लागली. आमच्या माणसालापण घाला त्यात, म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खोटं नाही.

एके दिवशी दुपारी दीपाली आली. तिने शांतारामच्या बोटाला चिमट्याचं मशीन लावलं, आकडा बघितला, बोट बदलून पुन्हा बघितला.

"काका, मशीन वेगळंच सांगतंय. मोबाइलवर तर तुम्ही रोज हसताय."

शांतारामने सुलूला चहा करायला पिटाळलं. मग हळूच म्हणाला, "मी रडका दाबला तं औषद नापास व्हईल ना? मग पोराला काय मिळंल?"

दीपालीने त्याच्या बोटावरचं मशीन काढलं. "काका, तुम्ही औषधाला पास करायला बसलेला नाहीत. तुमचं खोटं हसू तिकडे खरं धरलं जातं. उद्या गुण नसलेली गोळी लोकांच्या पोटात जाईल, कमलेशच्यासुद्धा. आजचा आकडा मी डॉक्टरांना कळवणारच आहे. ते बहुतेक गोळी बंद करतील. पण तुम्हाला आतून काय होतं ते मशीनला नाही कळत, ते तुम्हीच सांगायला हवं."

"सुलूला नको बोलू. तिचा जीव त्या चेऱ्यावर हाय."

सुलूने आणलेला चहा दीपालीने घेतला आणि स्कूटर काढली.

संध्याकाळी कमलेश पाळीवरून आला. सुलूच्या भावाची केळव्याला सुपारीची वाडी होती. वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या सांभाळायला ये म्हणून तो कमलेशच्या कधीचा मागे लागला होता. पगार कमी, पण समुद्राची हवा.

"आये, मामाला नको म्हनून सांगितलं आज," कमलेश बूट काढता काढता म्हणाला. "मला पंपावर घेतलंय. बाबांच्याच जागेवर."

"आनि तुजी छाती?" सुलूने विचारलं.

"आता कशाला भ्यायचं? बाबांना लागू पडलंच ना. उद्या मला काय झालं तं औषद हायच."

सुलूला ते पटलं. पण ज्याच्यासाठी शांताराम रोज हसत होता, तो पोरगा त्याच हसण्याच्या भरवशावर त्या पंपापाशी जाऊन उभा राहणार होता. एवढं वाईट त्याला स्वतःचा आजार कळला तेव्हाही वाटलं नव्हतं.

मोबाइल वाजला. सुलूने तो पदराला पुसून आणून दिला.

"दाबा, बाबा," म्हणत कमलेश बघायला जवळ सरकला. त्याच्या शर्टाला तो ओळखीचा उग्र वास येत होता.

शांतारामचं बोट सवयीने हिरव्याकडे गेलं. तिथे जरा थांबलं, मागे फिरलं आणि लाल चेहऱ्यावर टेकलं.

"अवो, बोट चुकलं," सुलू म्हणाली.

"नाय चुकलं."

लाल चेहरा तिकडे पोचला असावा, थोड्या वेळाने इस्पितळातून फोन आला. कुणी मुलगी होती. "शांताराम काका, कसं वाटतंय?" सब ठीक तोंडात तयारच होतं. इतक्या वर्षांत त्याला शोधावं लागलं नव्हतं. शांतारामने कमलेशकडे पाहिलं.

"ठीक नाय, मॅडम," तो म्हणाला. "लई दिवस ठीक नाय. गोळीचा काय पन उपेग नाय झाला. मीच खोटं सांगत व्हतो." पुढे खोकला आला. या वेळी त्याने टॉवेल लावला नाही.

तो थांबेपर्यंत सुलू भिंतीला टेकून बसून राहिली. तिला नवऱ्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्याची कीव आली होती. मग ती उठली. रोज या वेळी ती कमलेशचा धुतलेला कारखान्याचा शर्ट सकाळच्या पाळीसाठी दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवायची. आज तिने तो दोरीवरून काढला, हातात घेऊन उभी राहिली, मग घडी घातली आणि पत्र्याच्या पेटीत, शांतारामच्या जुन्या शर्टांखाली ठेवून दिला.

कमलेशने तो मागितला नाही.