दांडी खाली होती

मोटार गॅरेजात आली तेव्हापासून शालीकराम उईकेचं कशातच मन लागत नव्हतं. सौंदडला त्याच्या दारात दोन ट्रॅक्टर खोळंबले होते, गिऱ्हाइकं शिव्या घालून जात होती, आणि हा गडी एकोणीसशे तीस सालच्या त्या खटाऱ्याभोवती नुसता घिरट्या घालत होता.

मोटार बिसेन मालगुजारांची. ती चालू करायला हिचंच पुढचं हँडल मारताना त्याच्या बापाचं, टिकारामचं, उजवं मनगट मोडलं होतं. हँडल उलटं फिरलं, हाड बाहेर आलं. गाडीत बसलेले छोटे मालगुजार म्हणाले, गोंडच तो, सकाळीच मोहाची मारून आला असेल. संपलं. मालगुजार बोलला की खरं; पुरावा मागायचा तो गरिबाला. टिकाराम एवढंच म्हणत राहिला, दांडी खाली होती. लोकांनी त्याचीही मस्करी केली. पोरं त्याला पाहून ओरडायची, दांडी खाली! पंधराव्या वर्षी खुद्द शालीकरामनं भर बाजारात बापाला बेवडा म्हटलं होतं.

रक्त सांडलेली गाडी अपशकुनी, म्हणून त्याच दिवशी ती धानाच्या कोठीत ढकलली गेली. आता पन्नास वर्षांनी छोट्या मालगुजारांच्या पोराला, धनेंद्रला, ती लेकीच्या लग्नात मिरवायची होती.

शालीकरामनं जाम इंजिनात रॉकेल आणि तेल सोडून आठ दिवस भिजत ठेवलं. कार्बोरेटर उकलला, वायरी नव्या ओढल्या, ब्रेक बांधले. राहिली स्टिअरिंगखालची डावी दांडी. ठिणगी लवकर पडायची की उशिरा, ते ती ठरवते. हँडल मारायच्या आधी गाडीत बसणाऱ्यानं ती वर करायची असते. खाली राहिली तर इंजिन हँडलवाल्याला उलटा झटका देतं. दांडी गंजून बसली होती. ठोकून ठोकून हलवली, तर तिच्याखाली बोटभर जागा चकचकीत, बाकी सगळा गंज. पन्नास वर्षं ती तिथून हललीच नव्हती.

खालीच होती.



दुसऱ्या दिवशी धनेंद्र गाडी बघायला आला. शालीकरामनं दांडी होती तिथं परत खाली ओढली, सीटवर बसला आणि हँडल मारायला सांगितलं. धनेंद्र हसत हसत वाकला. मग शालीकरामनं त्याला दांडीचं सगळं समजावलं, गंजातली खूण दाखवली.

"आता मारा, पाटील."

धनेंद्रनं हँडल सोडलं. "माझा हात मोडन ना, भाऊ."

"काऊन? तुमी तं पेले नाही."

धनेंद्र लालबुंद झाला. बाबूजी गेले, जुनं कायले उकरून राहिला, असं काहीबाही पुटपुटला. शालीकरामनं ऐकून घेतलं नाही. दांडी वर केली, उतरला, झटक्यात अडकू नये म्हणून अंगठा मुठीबाहेर ठेवून हँडल ओढलं. तिसऱ्या झटक्याला गाडी धूर ओकत उठली. ब्रेक पाहून येतो म्हणाला, आणि मालकाला तिथंच उभं ठेवून निघाला.

गाडी त्यानं थेट बापाच्या अंगणात घातली. बेवडा म्हटलेलं परत कसं घ्यायचं, तेच वाटभर डोक्यात घोळत होतं. बाजेवरचा टिकाराम उठून बसला. पोराकडे पाहिलंच नाही, वाकडा हात मांडीवर धरून गाडीकडेच बघत राहिला.

"दांडी वर केलास ना?"

"केलो, बा." शालीकराम उतरून बाजेपाशी खाली बसला. "खालीच होती."