ट्रकचं पूर्वायुष्य

एकोणीसशे एकोणपन्नासच्या थंडीत रिखबचंद शेठनी लष्कराच्या लिलावातून एक हिरवा ट्रक जामनेरला आणला. गावाला त्याच्याविषयी दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या: यानं जपानी किती मारले, आणि हॉर्न कसा वाजतो. हॉर्न वाजत नव्हता. त्यामुळे सगळा भार जपान्यांवर पडला. ड्रायव्हर सुपडू धुळ्याकडचा. दाराला गंजून पडलेलं भोक दाखवून तो म्हणे, "हाई गोयीनं भोक शे." येणारा प्रत्येक जण त्यात बोट घालून बघे. आठवड्याभरात गोळी बंदुकीची न राहता तोफेची झाली.

शेठच्या आई जतनबाईंनी मात्र ओसरीवरून एवढंच विचारलं, की यानं कधी मांस वाहिलंय का. वैशाखात नातवाची, निर्मलकुमारची, वरात याच ट्रकमधून धुळ्याला जायची होती. मांस वाहिलेल्या गाडीत त्या पाय ठेवणार नव्हत्या, आणि आजी नसली तर नातू बोहल्यावर चढणार नव्हता. शेठनी विषय बदलून पाहिला. जतनबाईंनी बदलू दिला नाही.

मग शेठनी लष्कराच्या कचेरीला पत्र लिहिलं: सदर वाहनाचा सेवेतील इतिहास कळवावा, विशेषतः खाण्यापिण्याच्या बाबतीत. दोन महायुद्धांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो पाच टेबलांवर फिरला आणि प्रत्येक टेबलानं तो आदरपूर्वक पुढच्याकडे सरकवला.

उत्तर लग्नाच्या अकरा दिवस आधी आलं. ट्रक आघाडीवर गेला नव्हता. सैनिक नाहीत, दारूगोळा नाही, मांस नाही. साडेतीन वर्षं अखंड भाजीपाला. शेठनी ते आईला उभ्याउभ्या वाचून दाखवलं. सुपडूच्या तोंडावर सुतकी कळा आली.

"कोणता भाजीपाला?" जतनबाईंनी विचारलं.

शेठ व्यापारी होते, पण आईपुढे खोटं बोलायचा त्यांना सराव नव्हता.

"बटाटे, बाई."

"नुसते बटाटे?"

"मधूनमधून कांदे."

त्या घरात जमिनीखाली पिकलेलं काही शिजत नसे. त्यापेक्षा चार जपानी परवडले असते, असं शेठच्या मनात आलं, आणि त्या पापाची त्यांनी लगेच मनातल्या मनात क्षमा मागितली.

जतनबाईंनी बराच वेळ विचार केला. ट्रकनं खाल्लं नव्हतं, वाहिलं होतं, तेही हुकमानं. तेव्हा त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं: अठाई. आठ दिवस कडक उपास.

दुसऱ्या दिवसापासून पेट्रोल बंद झालं. रेडिएटरमध्ये फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. शेजारची धनकुंवर तपस्व्याची ख्यालीखुशाली विचारायला आली आणि बॉनेटला हात जोडून गेली. चौथ्या दिवशी शेठना तो खरंच वाळल्यासारखा वाटू लागला.

नवव्या दिवशी सकाळी पारणं झालं. जतनबाईंनी चांदीच्या वाटीनं पहिलं पेट्रोल आपल्या हातानं घातलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. शेठचा जीव भांड्यात पडला. सुपडूनं हँडल मारलं. ट्रक साधा खोकलासुद्धा नाही. दहादा मारलं. लग्न परवावर आलं होतं.

"अशक्त व्हई गया, शेठ," सुपडू म्हणाला.

शेठनी वऱ्हाड्यांकडे पाहिलं. वऱ्हाड्यांनी जमिनीकडे पाहिलं. शेवटी नवरदेवासकट सगळे मागे गेले, बाह्या सरसावल्या आणि ढकलू लागले. ट्रक धुळ्याच्या दिशेनं वीतभर सरकला, तोच जतनबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हळू रे," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांचा उपाशी आहे."