उलटं बटण

गॅसवरचं दूध अधूनमधून उतू जायचं, कारण आच कमी करायला गेलेला ताईचा हात ती मोठीच करून बसायचा.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत एका शिकाऊ बाईंनी थेट फुटपाथवर गाडी चढवली. मास्तरीणबाई "रेडिओ कमी करते हं" म्हणाल्या होत्या, आणि रेडिओ किंचाळला होता.

सकाळी ताईच्या डाव्या हाताची अनामिका वाकलेलीच असायची. दुसऱ्या हाताने सरळ केली की कट् वाजायची.

छोट्याचं टक्कल पडलं तरी तो छोट्याच राहिला.

हे सगळं एका लाल इलेक्ट्रिक गिटारपाशी येऊन थांबतं. पुष्कळ वर्षांपूर्वी तिच्या आवाजाच्या बटणाची वायर तुटली होती. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या ताईच्या या धाकट्या भावाने, छोट्याने, ती जोडून दिली. उलटी. उजवीकडे फिरवलं की आवाज कमी, डावीकडे फिरवलं की मोठा. छोट्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तेव्हा नवं होतं, आणि आल्यागेल्याला तो सांगायचा, "ताईची गिटार मी केली." ताईच्या जिभेवर आलेलं तिने गिळलं. हाताला सवय लागली. शनिवार-रविवार ती हॉटेलात वाजवायला जायची, तिथेही कुणाला कळलं नाही.

आता बोट ऐकेना. डॉक्टर म्हणाले, गिटार सोडा. तिला फारसं वाईट वाटलं नाही. न वाजवलेली गिटार कोपऱ्यातून दिवसभर तिच्याकडे बघत बसायची, त्याचाच ताप जास्त होता. तिने ती विकायला काढली. धास्ती एकच. गिऱ्हाईक बटण फिरवणार, बोलून दाखवणार, आणि छोट्या समोर असणार. "तुला कुणी टोपी घालेल" म्हणून तो सकाळपासूनच येऊन बसला होता.

गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरचा चष्मेवाला.

"आवाज मी लावून ठेवलाय," ती म्हणाली. "तसाच राहू द्या."

"का, झिजेल?" म्हणत त्याने कमी करायला म्हणून बटण डावीकडे फिरवलं आणि तार छेडली.

शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

ताईने छोट्याकडे पाहिलंच नाही. "जुनी झालीय ना, बटणं जरा..."

"जुनी कशाला?" छोट्या म्हणाला. "मी मुद्दाम लावलंय तसं."

"मुद्दाम?"

"रेडिओसमोर आपण पुढे असतो. तू गिटारच्या मागे असतेस, ताई. म्हणजे तुझं उजवं-डावं उलटं. चांगलं डोकं खाजवलं होतं मी त्यावर."

चष्मेवाल्याने गिटार गळ्यात अडकवली, मान वाकवून बटणाकडे पाहिलं. "पण हात तर पुढूनच येतो."

छोट्याने स्वतःच्या पोटासमोर हवेत एक बटण फिरवून पाहिलं. पुन्हा एकदा फिरवलं.

"हात्तिच्या," तो म्हणाला. मग ताईकडे वळला. "एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुझं चुकलंय हे तुला कळू नये म्हणून."

"आणि मला वाटायचं, मी इतकं डोकं चालवलं, हिच्या लक्षातही आलं नाही."

ताईचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली ती थांबेना. छोट्यालाही आवरेना. चष्मेवाला पट्टा गळ्यात तसाच ठेवून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"आम्हाला मात्र सरळच करून द्या," तो शेवटी म्हणाला.

छोट्याने पिशवीतून सोल्डरिंग आयर्न काढलं. वायर एका टोकावरून सोडवली, दुसऱ्या टोकाला लावली. एवढंच काम होतं. चष्मेवाला गिटार घेऊन जिना उतरला. ताई निरोप द्यायला खिडकीशी जाईल असं छोट्याला वाटलं होतं, पण तिने कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. त्या कोपऱ्यात खुर्चीला कधी जागाच नव्हती.

"चहा टाकते," ती बसल्या बसल्या म्हणाली.

"बस. दूध मी बघतो. तुझ्या हाताचा भरवसा नाही."

"बिघडवला कुणी?"

"मीच," छोट्या स्वयंपाकघरातून म्हणाला. आवाजात जराही ओशाळलेपण नव्हतं.

पुष्कळ वर्षांपूर्वी वायर पहिल्यांदा जोडून दिली त्या संध्याकाळी ताई वाजवायला बसली, तेव्हा छोट्या बूट घालून जिन्यात थांबला होता, गाणं संपेपर्यंत.