काटा का चढला?

"चढला! काटा चढला!"

ट्रकतळावर एकच गलका उडाला. पन्नाससाठ माणसं एका जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये डोकावायला धडपडत होती. दीड तासापूर्वी तळाशी लोळणारा तेलाच्या दाबाचा काटा आता ताठ उभा होता. ही करामत एका चंदेरी डब्याची. तेलाचा फिल्टर काढून त्या जागी तो डबा बसवणारा पांढऱ्या डगल्यातला गृहस्थ हात जोडून मंद मंद हसत होता. लोक त्याला काटेबाबा म्हणत.

"कागदातून तेल गाळता, अरे वेड्यांनो!" तो गरजला. "कागद जातो रद्दीत, तुमचं इंजिनही त्याच वाटेनं जाणार! माझ्या डब्यात प्राण आहे, प्राण! पथ्य एकच. डबा उघडायचा नाही. उघडलात की प्राण उडाला, मग मला बोल लावू नका."

इंजिनाला प्राण देणाऱ्याच्या डगल्यावर तेलाचा एक ठिपका नव्हता. गर्दीत हे एकीच्याच नजरेत भरलं. ती तळाच्या टोकाला गॅरेज चालवणारी मिस्त्रीण. ट्रक तिच्या सख्ख्या भावाचा होता. ट्रकमध्ये काचेची तावदानं भरलेली होती आणि शेजारच्या सीटवर वहिनी बसली होती. अर्ध्या तासात दोघं डोंगरउताराच्या रस्त्याला लागणार होते.

तिच्या काखेत नव्या फिल्टरचं खोकं होतं. पण पाय पुढे पडत नव्हता, कारण चूक तिचीही होती. तीन आठवड्यांपूर्वी या इंजिनाचा फिल्टर दुकानात मिळाला नाही, म्हणून तिनं तसाच दिसणारा दुसरा लावला होता. आटे जुळले, रबर बसलं, तिला वाटलं झालं काम. तेव्हापासून रोज सकाळी काटा उठायला वेळ लावायचा आणि इंजिन खडखडायचं. भाऊ घाबरला आणि थेट काटेबाबाकडे गेला.

भावानं इंजिन बंद केल्यावर तिनं पुढे होऊन बॉनेटखाली हात घातला. इंजिन जेमतेम कोमट होतं.

"दादा, बाबानं आधीचा काटा बघितला तेव्हा गाडी गरम होती का?"

"लांबून आलो होतो. तापलेलीच होती की."

"आणि मग?"

"मग त्यांनी बंद करायला लावली. डोळे मिटून बसले, पुटपुटले, डब्यावरून हात फिरवला. गेला दीड तास."

मिस्त्रिणीनं कोमट इंजिनावर थाप मारली. "दादा, तेल गार झालं की घट्ट होतं. घट्ट तेलाचा दाब जास्त, काटा वर. तापलं की पातळ, काटा खाली. डबा लावला नसता तरी आत्ता काटा चढलाच असता."

"तू गप्प बस!" भाऊ उसळला. "चुकीचा फिल्टर लावलास तू, आणि आता शहाणपण मला शिकवतेस?"

गर्दीत कुणीतरी खिदळलं. काटेबाबानं संधी साधली. "नाचता येईना, अंगण वाकडं! बहिणीचा मत्सर आहे, दुसरं काय?"

पण ती मागे सरली नाही. "लावला. माझी चूक. जुळणाऱ्या आट्यांवर विसंबले, इंजिनाचं पुस्तक उघडलं नाही. म्हणूनच सांगते, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. काट्यावर ठेव. डब्याला मी हात लावत नाही. गाडी चांगली तापेपर्यंत चालू ठेव. काटा असाच राहिला तर सगळ्यांसमोर तुझी माफी मागते."

"अविश्वासाची नजर पडली की प्राण अस्वस्थ होतो!" काटेबाबा घाईघाईनं म्हणाला.

वहिनी केबिनमधून खाली वाकली. "नजरेनं अस्वस्थ होणारा प्राण उतारावर काय टिकणार? अहो, चालू करा गाडी."

इंजिन घरघरलं. काटा जागचा हलेना. वीस मिनिटं झाली. काटेबाबा पुन्हा हसू लागला. मग काटा केसभर खाली आला. भाऊ डोळ्याची पापणी न लववता बघत होता. पाऊण तासानं काटा डबा बसवण्यापूर्वीच्याच रेघेवर येऊन टेकला.

"बंद करा!" वहिनी खाली उतरली. "काढा तो डबा. कापा."

"पथ्य मोडतंय! अनर्थ होईल!" काटेबाबा ओरडला, पण त्याचे पाय गर्दीबाहेर निघाले होते. दोन ड्रायव्हरांनी त्याला दंडाला धरून थांबवलं.

करवतीखाली पत्रा किंचाळला. डबा उघडला. आत फिल्टर नव्हताच. होता गादीतल्या स्पंजाचा एक बोळा, गरम तेलात विरघळत चाललेला. मिस्त्रिणीनं तो बोटांत धरला, त्याचा काळा भुगा झाला.

"हा भुगा तेलाच्या बारीक वाटांत अडकला असता," ती म्हणाली. "बेअरिंगला तेल मिळालं नसतं. इंजिन भर उतारावर जाम झालं असतं, दादा."

भावानं वहिनीकडे पाहिलं आणि तो तिथेच फुटबोर्डवर बसला. मग म्हणाला, "आणि तो खाली आलेला काटा? तो आजार नाही?"

तिनं इंजिनाचं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. "वाच. गरम गाडी, मंद चालू असताना एवढाच दाब पुरतो. खडखड सकाळची होती. या इंजिनाच्या फिल्टरमध्ये एक रबरी झडप लागते, बंद गाडीतही ती तेल अडवून धरते. मी लावलेल्यात ती नव्हती. तेल रात्रभर उतरायचं, इंजिन कोरडं सुरू व्हायचं. नवीन फिल्टरचा नंबर तूच पडताळ. तपासल्याशिवाय मलाही लावू देऊ नकोस."

भावानं नंबरावर बोट ठेवलं, अंकन् अंक वाचला आणि मान डोलावली. त्या दिवशी ट्रक निघाला नाही. भुग्याचं सगळं तेल काढून इंजिन धुतलं, नवीन तेल भरलं.

तोवर गॅरेजपुढे रांग लागली होती. प्रत्येकाच्या ट्रकखाली एक चंदेरी डबा होता आणि प्रत्येक जण खाली मान घालून उभा होता. मिस्त्रीण कुणालाच हसली नाही.

"फसलो याची लाज धरू नका," ती म्हणाली. "डोळ्यांनी दिसलं ते खोटं नव्हतं. पण जो माणूस 'उघडून बघू नका' म्हणतो, त्याची वस्तू आधी उघडा. मग ती बाबाची असो, नाहीतर माझी."